राग माझ्यापाशी गळायचा

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला 'संवाद कौशल्य' नावाचा पेपर लागला, तेव्हा मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, हे मला काय शिकवणार? चौथीत असल्यापासून मी हेच काम करत होते. बारमाही, बिनसुट्टीचं. आणि घरची दोन्ही माणसं माझ्या कामावर खूश होती.

दोन माणसं म्हणजे आई आणि मोठेबाबा. मोठेबाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी दोन वर्षांची असताना वडील गेले. त्यांचा चेहरा मला फोटोतलाच माहीत. आमच्याकडे भासरा आणि भावसून, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ आणि धाकट्या भावाची बायको, एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं, रीत असते. ती डोक्यावर पदर घेते, तो दारातून येताना खाकरतो, ती बाजूला होते. जे काही बोलायचं ते मधल्या माणसाकडून. आमच्या घरी ते मधलं माणूस म्हणजे मोठेबाबांची बायको, माझी मोठी आई. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी चौथीत असताना मोठी आई तापाने गेली आणि तिच्या जागी मी लागले. मला कोणी विचारलं नाही, मीही काही विचारलं नाही.

आई चुलीपाशी बसून म्हणायची, "सांग त्यायले, जेवाले बसा म्हणा." बाहेरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खाटेवर बसलेल्या मोठेबाबांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी मी चुलीपासून खाटेपर्यंत बारा पावलं चालत जायचं आणि सांगायचं, "मोठेबाबा, आई म्हणते जेवाले बसा." ते म्हणायचे, "सांग, हात धुवून येतो." तेही आईला ऐकू गेलेलं असायचं. मी परत बारा पावलं. मी शाळेत असले की दोघं गाईशी बोलत. आई गाईला सांगायची की बाई, तुझी ढेप संपली आहे, कोणी आणली तर बरं. मोठेबाबा गाईलाच उत्तर देत की उद्या मोहाडीले जाणार आहे. गाय बिचारी दोघांकडे बघायची. पण गाईमार्फत दूधचाऱ्याचंच चालायचं. लग्नाचं, मरणाचं, कोणी कुठे राहायचं याचं तिच्याकडून चालत नसे. असले निरोप हळू आवाजात सुटायचे, आई मला आत बोलावून सांगायची, मोठेबाबा गोठ्यात नाहीतर बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात. तिथे मात्र माझं राज्य होतं.

पहिला असा निरोप मोठी आई गेली त्याच महिन्यातला. तेरवी झाली आणि अड्याळहून मामा आईला न्यायला आला. त्याचंही चूक नव्हतं. एका घरात विधुर भासरा आणि विधवा भावसून, मध्ये चौथीतली पोरगी. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? आईने मला हळूच सांगितलं, मोठेबाबांना विचार, आम्ही काय करायचं. ते गोठ्यात पाठ करून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहाचं असन त राहा म्हणा, जाचं असन त जा म्हणा. मले काही इचारू नका." मी परत निघाले. मला अड्याळला जायचं नव्हतं. माझी शाळा इथे होती, माझं वासरू इथे होतं. आईसमोर उभी राहून मी सांगितलं, "मोठेबाबा म्हणते, हे घर तुमचंच आहे. तुम्ही कुठीच जाऊ नका."

आई पदरात तोंड घालून रडली. मामा एकटाच परत गेला. त्या एका वाक्यावर आम्ही त्या घरात अकरा वर्षं राहिलो.

तेव्हापासून माझा हात बसला. मोठेबाबांनी भाजीला नाव ठेवलं तर मी आईला सांगायची की आज जरा तिखट खावंसं वाटत नाही म्हणाले. आई चिडून काही बोलली तर मी त्यात साखर पेरून बाहेर न्यायची. मोठेबाबा कधीच कशाला चांगलं म्हणत नसत, म्हणून महिन्यातून एखादवेळी मी त्यांच्या नावाने आईला शाबासकी द्यायची. फार नाही, पटेल एवढीच. घर शांत होतं. त्या शांततेचा मला भलताच अभिमान होता, हे आज सांगायला लाज वाटते.

कॉलेज भंडाऱ्याला. आंधळगावच्या पुढच्या आमच्या गावाहून सकाळची एसटी मोहाडी, वरठी करत भंडाऱ्याला पोचेपर्यंत पहिला तास अर्धा झालेला असायचा. आणि पहिला तास नेमका संवाद कौशल्याचा. मॅडम पुण्याकडच्या, चाळिशीच्या, कोरड्या. आमच्या बोलीला त्या हसत नसत, एवढं खरं. पण त्यांचं शिकवणं ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, म्हणे. आमच्या गावात मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोललं तर पोट्टी फाटक्या तोंडाची निघाली म्हणतात. जे सांगायचं ते ज्याला सांगायचं त्यालाच सांगा, मध्ये माणूस घालू नका. वाक्य 'मी'पासून सुरू करा. मी बाकावर चुळबुळत राहायची, पेनाचं टोपण काढायची, लावायची. शेजारी बसणारी वरठीची मैत्रीण माझा हात धरून टोपण काढून घ्यायची.

एक दिवस मॅडमनी खेळ घेतला. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानात एक वाक्य सांगितलं, ते कानोकान शेवटपर्यंत न्यायचं. शेवटचा मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम म्हणतात, उद्यापासून सगळे वेळेवर आले तर बरं होईल." मॅडम हसल्या. त्यांचं वाक्य होतं, 'उशिरा येणाऱ्यांचा मला संताप येतो, उद्यापासून मी दार बंद करणार आहे.' वर्ग खदखदला. मॅडमनी मग एकेकाला उभं करून विचारलं, तू काय ऐकलंस, तू काय सांगितलंस. संताप आणि बंद दार दोन्ही धडधाकट आमच्या बाकापर्यंत आली होती. वरठीच्या मैत्रिणीने माझ्या कानात ती जशीच्या तशी घातली होती. माझ्यानंतरच्या मुलीला मात्र 'बरं होईल' एवढंच मिळालं होतं.

मॅडम माझ्या बाकापाशी आल्या आणि बोट टेकवून म्हणाल्या, "राग इथे गळाला."

वर्ग हसला. मला वाटलं तोंडात मारली कोणी. मी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. संताप माझ्या कानात शिरला आणि बाहेर पडताना आपोआप बरं होईल होऊन पडला, मला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं, विषय 'मला काय हवं आहे'. मी रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "आई म्हणते, मी पुढे शिकावं." मॅडमनी विचारलं, "आणि तू काय म्हणतेस?" मी म्हणाले, "मोठेबाबा म्हणतात..." आणि त्यापुढचं हसण्यात बुडालं. मी खाली बसले. दोन मिनिटांतली दीड मिनिटं शिल्लक होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीच्या गजावर नखं वाजवत बसले. मला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. मला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं, नागपूरला, होस्टेलवर राहून. पण हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. आईलाही मी सांगितलं नव्हतं. तिनेच ते कुठून तरी ओळखलं आणि ती म्हणायला लागली, मग मी तिच्या नावाने म्हणायला लागले. मला माझीच चीड आली. वीस वर्षांची घोडी, आणि तोंडात एक शब्द स्वतःचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमशी भांडायलाच गेले. म्हटलं, तुमचं हे डोळ्यांत बघणं, सरळ सांगणं शहरात चालत असेल. आमच्या घरी दोन माणसं वीस वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत आणि तरी घर चाललंय, कारण मध्ये मी आहे. मॅडमनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही, त्याचाही मला राग आला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, रीत मोडायला मी सांगत नाही. निरोप ने. फक्त पुढचा एक महत्त्वाचा निरोप एकही शब्द न बदलता पोचव आणि काय झालं ते वहीत लिही. तुझं प्रात्यक्षिक म्हणून मी तेच धरीन.

मला ते फारच सोपं वाटलं.

निरोप आठ दिवसांतच आला. दिवाळी तोंडावर होती, आणि आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं नाटक होतं, घरोघरी पाहुणे उतरतात. आणि लग्नाच्या पोरी बघायला मंडईसारखा मुहूर्त नाही. बघितलं म्हणून कोणी म्हणत नाही, मंडईला आलो होतो म्हणतात. तिथे पसंत पडलेल्या पोरीचं उन्हाळ्यात लग्न लागतं. मोठेबाबांच्या मनात तुमसरकडचं एक स्थळ घोळत होतं. आईला शेजारणीकडून कळलं. तिने मला चुलीपाशी बसवलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं:

"त्यायले सांग, यंदा मंडईले पोरीसाठी पाहुणे बोलावू नका. पोरगी नागपूरले शिकाले जाईन. अन् तुम्ही बोलावले त मी हो म्हणणार नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं. शब्द न् शब्द. मग बांधीवर गेले. रस्ताभर घोकत होते. मोठेबाबा बांधावर उभे होते, हातात धानाचं एक उपटलेलं धुस्कट. तुडतुड्याची कीड पडली होती, बांधीच्या मधोमध धान गोल गोल जळाल्यासारखं दिसत होतं. मला बघून ते एवढंच म्हणाले, "आता तुहं काय?" आवाज चढलेला होता. मी वही छातीशी धरून म्हणाले, "आई म्हणते, मंडईचं तुम्हाले बरं वाटन तसं करा."

राग गळणं सोडा, निरोपच उलटा झाला होता. मी मनाशी म्हणत होते, आज त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, उद्या सांगू, परवा सांगू. मोठेबाबांचा चेहरा मात्र उजळला. म्हणाले, तुही माय समजदार आहे. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तुमसरला फोन करून शब्द दिला.

आईने विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, पाहतो म्हणाले. मॅडमच्या वहीत मी लिहिलं की निरोप जसाच्या तसा दिला, सुरुवातीला भीती वाटली, पण नंतर मोकळं वाटलं. मॅडमनी खाली 'छान' लिहिलं आणि दहापैकी नऊ दिले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरात कुठे टेकले नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. विहिरीवर जाऊन भरलेली बादली रिकामी करून पुन्हा भरायची. रोज सकाळी ठरवायची की आज सांगते, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. कधी मोठेबाबा चिडलेले, कधी खूश, आणि खूश असले की तर सांगवायचंच नाही. वरठीच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "सांगून टाक ना आता, कायले वाट पाहून राहिली?" तिचं बरोबर होतं. तिच्या घरी सगळे सगळ्यांशी ओरडून बोलतात.

मंडईच्या दिवशी सकाळी आईने दारात उतरलेले पाहुणे बघितले. मुलगा, त्याची आई, एक मामा. तिने आधी पाहुण्यांकडे बघितलं, मग सपरीत 'या, या' करणाऱ्या मोठेबाबांच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. पदर सारखा करून ती आत गेली आणि तिने कढई चढवली. पाहुणे ते पाहुणे, उपाशी कसे पाठवणार? मी चहा नेला. मुलाच्या आईने विचारलं, स्वयंपाक येते का, धानाच्या रोवणीले जाते का, कॉलेजात काय शिकवते. मी डोळे खाली घालून उत्तरं दिली. मुलगा वाईट नव्हता. माझ्यापेक्षा त्यालाच घाम फुटला होता. चहा झाल्यावर मुलाचा मामा म्हणाला, मंडई पाहून येतो, मंग जेवण करू, मंग बोलू. 'मंग बोलू' म्हणजे पसंती. मोठेबाबा त्यांना फाटकापर्यंत सोडून परत खाटेवर बसले, सुपारी फोडायला सरोता काढला.

आईने मला आत बोलावलं. सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळणं चालू होतं, झारा हातातच होता. तिचा आवाज खालीच होता, पण धारदार होता.

"सांग त्यायले. अकरा वर्षं मी या घरात खपली, अन् माह्या एका शब्दाची किंमत नसन, त मी उद्या सकाळी पोरीले घेऊन अड्याळले जातो. मंग बसा म्हणा या घरात एकटेच."

मी निघाले. बारा पावलं. पहिल्या तीन पावलांतच माझ्या जिभेवर दुसरी वाक्यं तयार व्हायला लागली. आईला थोडं बरं वाटत नाही. आई म्हणते आज नको. आई म्हणते घाई नको. किती सफाईदार होती मी! सहाव्या पावलाला मला कळलं की ही चीज आता मला थांबवता येत नाही, आणि मला स्वतःची इतकी भीती वाटली की मी मध्येच भिंतीला हात लावून उभी राहिले. मोठेबाबांनी मान वर केली. म्हणाले, काय झालं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मॅडमनी शिकवलं म्हणून नाही. दुसरीकडे बघितलं असतं तर मी पुन्हा खोटं बोलले असते.

"मोठेबाबा, आईनं तुम्हाले पाहुणे बोलावू नका म्हणून सांगतलं होतं. मी तो निरोप तुम्हाले देलाच नाही. उलटा देला."

सरोता थांबला. आतला झाराही थांबला. मी थांबले नाही, थांबले असते तर संपलं असतं. आईचा आत्ताचा निरोप मी आईच्याच शब्दांत सांगितला, खपली, किंमत, अड्याळ, एकटेच, एकही शब्द न गाळता. मग म्हणाले, "अन् हे आता आईचं नाही, माहं आहे. मले नागपूरले शिकाले जाचं आहे. मले आता लग्न नाही कराचं."

 मला वाटलं होतं मोठेबाबा ओरडतील. त्यांनी विचारलं, "आजवर किती बदलले?"

"लय."

"पहिला कोणता?"

मी खाटेपाशी उकिडवी बसले आणि त्यांच्या कानाशी, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. मोठी आई गेली तेव्हाचा. तुम्ही गोठ्यात काय म्हणाले होते आणि मी आईला काय सांगितलं. सांगताना मला रडू आलं, कारण सांगेपर्यंत मलाच कधी नीट कळलं नव्हतं की आमच्या या घरात राहण्याचा पायाच मी रचलेला होता, आणि तो खोटा होता.

त्यांनी अर्धी फोडलेली सुपारी चंचीत ठेवली आणि उठून पायांत चपला घातल्या. मला कुठलाच निरोप दिला नाही. पाहुणे फाटकाशी आले तेव्हा त्यांनी त्यांना बाहेरच थांबवलं. मी घाईनं शब्द देला, पोरीले शिकाचं आहे, मले माफ करा, असं त्यांना म्हणताना मी ऐकलं. गावात हे बोलायला काय लागतं ते गावातल्यालाच कळेल. मुलाच्या मामाचं तोंड वाकडं झालं. तरी ते जेवले. आईने वाढून दिलं, मी ताटं नेली.

 पाहुणे गेल्यावर आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली, निवडून झालेले परत निवडत बसली. मी म्हटलं, आता तरी सगळं ठीक झालं ना, पाहुणे गेले. ती म्हणाली, "तू निरोप बदलवते हे मले आज कळलं." एवढंच. पुढचं तिच्या तोंडावर होतं. कोणते? कधीपासून? झोपायच्या आधी तिने आपल्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून दारामागे ठेवलं. रात्रभर मी कूस बदलत राहिले. मी खरं बोलले होते, आणि त्यानेच घर मोडणार होतं.

सकाळी मोठेबाबा खाटेवर सुपारी फोडत होते. मी अंगणात सडा टाकत होते. आई आतून आली आणि सपरीच्या दारात, चौकटीला धरून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, तोंड चौकटीकडे. मोठेबाबांनी लगेच मान भिंतीकडे वळवली.

"मले एक इचाराचं आहे," आई म्हणाली.

मी बादली टाकून सवयीने धावले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू राहू दे."

मी अंगणात मध्येच उभी राहिले. दोन्ही हात रिकामे, ओले.

"मोठी बाई गेल्या, त्या वर्षी मले एक निरोप आला होता," आई चौकटीला सांगत होती. "हे घर तुमचंच आहे, कुठीच जाऊ नका. तो निरोप तुमचा होता, का पोरीचा?"

आई लग्न होऊन आल्यानंतर, वडील गेल्यानंतर, मोठी आई गेल्यानंतर, तिने त्यांना सरळ विचारलेलं हे पहिलं वाक्य होतं. मोठेबाबांनी भिंतीकडे बघत सरोता खाली ठेवला. मग मान जराशी वळवली, आईकडे नाही, माझ्याकडे.  कालच मी त्यांना सगळं सांगितलं होतं. खोटं बोलणं किती वाईट ते मी आत्ताच कुठे शिकले होते, आणि उभी राहून देवाची प्रार्थना करत होते की त्यांनी खोटं बोलावं.

"माहाच होता," मोठेबाबा म्हणाले. "पोट्टी तेव्हा चौथीत होती. तिले एवढं कुठून सुचन?"

आईने चौकट सोडली. मग आत गेली. दारामागचं गाठोडं उचलल्याचा आवाज आला, पेटी उघडल्याचा, बंद केल्याचा. मी अंगणातच होते. नंतर ती चहाचा कप घेऊन बाहेर आली, मला हाक न मारता. खाटेपासून हातभर अंतरावर तो जमिनीवर ठेवला आणि वळली.

मोठेबाबांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि भिंतीकडे बघतच म्हणाले, "चांगला झाला."